स्कोअर एका दमात

"सात पूर्णांक चार म्हणजे संपलंच ना, वस्ताद?"

इलाही वस्तादांनी मान वर केली नाही. समोरच्या यंत्रात एक रॅकेट आडवी जखडलेली होती आणि ते तिची तार ओढत होते.

ओढली. नखानं छेडली. कान दिला.

"ताण अर्धा पौंड कमी," ते रॅकेटला म्हणाले.

रेवती आरवाडे दारातच उभी राहिली. कडेवर दहा महिन्यांची शर्वी. एका खांद्यावर रॅकेटची बॅग, दुसऱ्या खांद्यावर लंगोट, खुळखुळा आणि मऊ भाताचा डबा असलेली पिशवी. दुसरी पहिलीपेक्षा जड होती. हल्ली सगळ्याच बाबतीत तसं होतं.

मिरजेतल्या या हॉलच्या जागी पूर्वी तालीम होती. तालीम गेली, बॅडमिंटनचं कोर्ट आलं, पण शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणायची सवय काही गेली नाही. इलाही वस्तादांनी जन्मात कधी लंगोट कसला नव्हता. त्यांचं घराणं तंबोरे बनवणारं. कोर्टाच्या कडेलाच त्यांची रॅकेटी दुरुस्त करायची खोली होती, आणि तिच्या कोपऱ्यात भावानं सूर तपासायला पाठवलेला एखादा तंबोरा कायम भिंतीला टेकलेला असे.

"वस्ताद, ऐकताय ना?"

"ऐकण्याशिवाय मला येतंय काय?"

"लग्नाआधी माझे अकरा पूर्णांक एक होते."

"हं."

"अकरा पूर्णांक एक. जिल्ह्यात कुठल्या मुलीचे नव्हते."

"तो अकरा आता कुठं राहायला असतो?"

रेवतीनं शर्वीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"लाज वाटते हो," ती म्हणाली. "आता आकडा सांगायची लाज वाटते."

"तो पण गर्वच की. उलटा घातलेला."

रेवती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. गप्प राहण्यापेक्षा समजावून सांगणं तिला सोपं जायचं.

"वस्ताद, हे शास्त्र आहे. शरीर एका मिनिटात, वजनाच्या एका किलोमागे, किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा अंदाज या बीप टेस्टवरून बांधतात. वीस मीटरवर दोन रेघा. स्पीकरमधून 'टीं' वाजायच्या आत या रेघेवरून त्या रेघेवर पोचायचं. दर मिनिटाला एक पातळी चढते, 'टीं' आणखी घाईनं येतो. लागोपाठ दोनदा हुकलं की बाहेर. संघटनेनं महिलांना नववी पातळी ठेवलीय. आणि मी सातवीतच..."

"मी होतो तिथं."

"तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसला होता. मी बघितलं."

"पळताना मला बघत होतीस? मग सात पण जास्तच आले म्हणायचे."

शर्वीनं आईच्या कानातलं ओढलं. रेवतीनं तिची मूठ सोडवली आणि टेबलावरच्या कागदाकडे बघितलं.

तो कागद बघूनच ती आली होती. आंतरजिल्हा स्पर्धेच्या महिला संघात एक जागा रिकामी होती. दावेदार दोन, रेवती आणि समृद्धी. सेक्रेटरींनी डोक्याला ताप नको म्हणून खाली लिहिलं होतं, 'पातळी कमी भरली तरी अंतिम निर्णय वस्तादांचा'. पाच वाजेपर्यंत एक नाव आणि सही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं घरी सगळे म्हणत होते. सासूबाई, नवरा, आई, झालंच तर दूधवाला. रेवतीला पक्कं ठाऊक होतं, पुढच्या वर्षी माणूस पुन्हा 'पुढच्या वर्षी'च म्हणतो. मग एक दिवस रॅकेट माळ्यावर जाते आणि तिच्या बॅगेत लोकरीचे कपडे राहायला येतात.

वस्तादांनी पक्कड खाली ठेवली.

"तुझा पाय आधी वाजत होता."

"काय?"

"टेस्टमध्ये. त्या समृद्धीचा पाय आणि टीं एका वेळी पडायचे. तुझा पाय आधी, टीं नंतर. दर खेपेला. का गं?"

"उशीर झाला तर...?"

"बरं. आणि आधी पोचून रेघेवर काय करत होतीस?"

"टींची वाट बघत होते."

"श्वास घेत?"

रेवतीनं शर्वीकडे बघितलं.

शर्वी झोपली की ती अशीच दाराआड उभी राहायची. रडू यायच्या आधी पोचायचं. पोचल्यावर रडू आलंच नाही, तर ते येईल म्हणून श्वास रोखून थांबायचं. दहा महिने तिनं दुसरं केलं काय होतं?

"आठवत नाही," ती म्हणाली.

"घरी जिना हाय?"

"चार मजले. लिफ्ट तीन महिने बंद आहे. सोसायटीची मीटिंग चालू असते, लिफ्ट नसते."

"पोरगी कडेवर?"

"मग काय पायरीवर ठेवून येऊ? कडेवर. वर आणि तोंडानं अखंड गाणं. मी थांबले की ही भोंगा लावते."

"गाणं कितव्या मजल्यापर्यंत?"

"दारापर्यंत. चौथ्या. हे कशाला विचारताय वस्ताद?"

"हं..."

एवढ्यात समृद्धी चौगुले आली. वय सतरा, पाठीला नवी कोरी बॅग, बीप टेस्टचे अकरा पूर्णांक दोन. मुलींच्या ज्युनिअर संघात तिचं नाव आधीच लागलं होतं. पण ताटात लाडू असला तरी डब्यातलाही दिसतो, असं वय.

"वस्ताद, माझं नाव लिहिलं?"

"एक गेम खेळा," वस्ताद म्हणाले. "एकवीसचा. जिंकेल तिचं नाव."

"पण टेस्ट तर झाली की!"

"ती त्यांची. ही हॉलची."

त्या हॉलचा एक जुना नियम होता. अंपायर मिळायचे नाहीत त्या काळातला. सर्व्हिस करणाऱ्यानं आधी स्कोअर मोठ्यानं सांगायचा, आणि तो एका दमात सांगायचा. दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबलात, की पॉइंट समोरच्याचा. नवी मुलं हसायची या नियमाला. वस्ताद हसायचे नाहीत.

"स्कोअर तुटला की पॉइंट तुटला," ते म्हणाले. "मी इथनंच ऐकणार."

"बघणार नाही?" समृद्धीनं विचारलं.

"डोळे लगेच कुणाची तरी बाजू घेतात."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शर्वीसाठी.

रेवतीनं तिला दिली, पिशवी दिली, खुळखुळा दाखवला, डबा दाखवला, पाणी कोमट आहे म्हणून सांगितलं, ती डाव्या कुशीवर जास्त गप्प राहते म्हणून सांगितलं. तोवर वस्तादांनी शर्वीच्या हातात एक मोडकं शटल दिलं होतं आणि ते तिच्या तोंडात गेलंही होतं.

"अहो, पीस खाईल ती!"

"चव बघेल आणि सोडेल. मीठ नाही लावलेलं."

त्यांनी खुर्ची वळवली आणि कोर्टाकडे पाठ केली.

*

"ताई, पहिली सर्व्हिस तुम्ही घ्या," समृद्धी जाळीपलीकडून म्हणाली. "वयाचा मान."

"घेते," रेवती म्हणाली. तिला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. "मान मिळेल तिथं घेऊन ठेवावा."

"लव्ह ऑल!"

पहिल्या चार पॉइंटांतच रेवतीला कळलं की आपण कोर्टावर नाही, त्या दोन रेघांच्या मध्येच आहोत. समृद्धीनं रॅकेट उचलली की हिचे पाय निघालेच. मागे जाईल म्हणून मागे पळावं, तर शटल जाळीपाशी टुपकन पडायचं. पुढे धावावं, तर डोक्यावरून मागे. पोचत होती सगळीकडे. फक्त शटल तिथं नसायचं.

एक पॉइंट कसाबसा मिळाला.

"चार..." रेवती म्हणाली, "...पाच."

"तुटला," खोलीतून आवाज आला.

पॉइंट गेला. चार-सहा.

गंमत म्हणजे तिचा दम संपलाच नव्हता. छातीत हवा गच्च भरलेली होती. तीच बाहेर पडायला तयार नव्हती. एक कान शटलकडे, एक खोलीकडे. शर्वी रडेल, आत्ता रडेल, पीस घशात जाईल...

समृद्धी अकरावर पोचली तेव्हा रेवती सहावर होती. अकराला एक मिनिट विश्रांती. रेवतीनं टॉवेल उचलला.

आणि शर्वीनं भोंगा लावला.

टॉवेल खाली पडला. रेवती दोन ढांगांत कोर्टाबाहेर. तिसरी ढांग उचलली, तोच पाठमोऱ्या वस्तादांचा हात वर झाला.

थांब.

ती थांबली. पाय एक पुढे, एक मागे. शर्वीचा आवाज वर चढत होता.

वस्तादांनी डावा हात लांब करून तंबोरा जवळ ओढला. भोपळ्याला शर्वीची पाठ टेकवली. खर्जाची तार छेडली. एकदाच.

तो सूर कोर्टाच्या पत्र्यापर्यंत गेला. शर्वीचं रडणं मधेच अडकलं. तिनं वळून भोपळ्याकडे बघितलं, मग तारेकडे, मग वस्तादांच्या दाढीकडे. सूर अजून चालूच होता. बारीक होत, बारीक होत...

रेवती ऐकत राहिली.

कितीतरी वेळानं तिला जाणवलं, की आपल्या तोंडून एक लांबच लांब श्वास बाहेर पडतोय. दहा महिन्यांचा असावा. संपता संपेना.

शर्वी गप्प होती. आणि रेवती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"ताई, खेळताय ना?" समृद्धीनं विचारलं. "की घरी जायचंय?"

"खेळतेय."

*

सर्व्हिस समृद्धीची होती. "अकरा-सहा!" खणखणीत.

रेवती कोर्टाच्या मधोमध उभी राहिली. श्वास सोडला. आणि पहिल्यांदाच, पळायच्या आधी, ऐकलं.

समृद्धीची रॅकेट उचललेली होती, मनगट मागे, सगळं अंग ओरडत होतं की शटल मागे जाणार. पण तारेवर आवाज आला तो वहीचं पान उलटल्यासारखा.

ड्रॉप. शटल जाळीपाशीच पडणार.

रेवती जाळीपाशी होती. शटलच्या आधी. नुसती हात पुढे करून थांबलेली.

"सात-अकरा!"

अरेच्चा, तिला वाटलं. हे तर मला येतं.

स्वयंपाकघरात फोडणी घालताना ती आतल्या खोलीतलं रडणं ओळखायची. भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं, आणि कुणी बघत नाही म्हणून काढलेलं खोटं वेगळं. खोट्याची सुरुवात जोरकस असते, शेपूट नसते. समृद्धीच्या फसव्या फटक्यांचं तेच होतं. आवाजाला शेपूटच नव्हती.

आठ-अकरा. दहा-बारा. तेरा-चौदा.

पाय तिचे अजूनही आधीच पोचत होते. ते काही सुधारले नाहीत. पण आता पोचून ती श्वास घेत होती. समृद्धी शटलच्या मागे पळत होती, ही शटलची वाट बघत होती. बीप टेस्टमध्ये ज्या आधी पोचण्यानं घात केला, तेच आता पुढे येऊन सांगत होतं, ताई, मी इथंच आहे.

सोळा-सतराला समृद्धी खाली वाकली. बुटाची लेस.

पुढच्या पॉइंटनंतर तिनं शटल बदलून मागितलं. मग पुन्हा लेस. दोनदा सुटणारी लेस कुठल्याच बुटासोबत येत नाही, हे रेवतीला चांगलं ठाऊक होतं. अकरा पूर्णांक एकच्या दिवसांत तिनंही असाच दम चोरला होता.

"सावकाश बांध गं," ती म्हणाली. "वयाचा मान."

समृद्धीला हसू आलं. पण हसायला लागतो तेवढाही श्वास तिच्याकडे उरला नव्हता.

मग एक रॅली झाली. पुढे, मागे, कोपरा, पुन्हा मागे. शटलचं एकेक पीस सुटायला लागलं तरी दोघी थांबेनात. अखेर समृद्धीचा स्मॅश रेवतीच्या रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. एकोणीस सगळे. सर्व्हिस समृद्धीची.

तिनं शटल धरलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. तिनं थोडं थांबून बघितलं, पण हॉलमध्ये सगळं शांत होतं आणि खोलीत कुणीतरी ऐकत होतं.

"एकोणीस..."

हूंऽऽ, श्वास आत गेला.

"...एकोणीस."

"तुटला."

रेवतीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. साधारण दीड सेकंद.

शटल तिच्या हातात आलं. घाम पापणीवरून गळत होता. दम तिलाही लागला होता. हा बहुतेक तिसरा मजला. अजून एक मजला. तिनं कंबर सरळ केली, अदृश्य नऊ किलोंचं वजन कडेवर नीट घेतलं, आणि गाणं म्हणतात त्या आवाजात म्हणाली,

"वीस-एकोणीस!"

एका दमात. मधे केसाएवढीही फट नाही. बाहेरच्या गाड्यावर चहा गाळणाऱ्यानं मान वर करून बघितलं.

समृद्धीनं जीव खाऊन खेळ केला, हे सांगायलाच हवं. तिनं रेवतीला चारही कोपरे दाखवले, दोनदा. पोरगी मोठी होणार होती. शेवटी तिनं शटल उंच उडवलं, पार मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं पोचायला सगळ्यांनाच उशीर होतो.

रेवती तिथं आधीच उभी होती.

शटल वरून खाली येत होतं. तिला चिक्कार वेळ होता. तिनं श्वास सोडला, मनगट सैल केलं, आणि पान उलटावं तसा हलका फटका मारला.

शटल जाळीला स्पर्शून पलीकडे पडलं. समृद्धी धावली, पोचली नाही, आणि तिथंच जमिनीवर फतकल मारून बसली.

रेवतीनं आरोळी ठोकली. चार मजले एकदम चढलेली आरोळी. पत्र्यावरची कबुतरं उडाली. आपल्या गळ्यात असा आवाज अजून आहे, हे तिलाच माहीत नव्हतं.

खोलीतून शर्वीनं त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं.

"ताई..." समृद्धी खाली बसूनच म्हणाली, "तुम्हाला... दम... लागतच नाही?"

"लागतो की." रेवतीनं हात देऊन तिला उठवलं. "पण चौथ्या मजल्यावर."

*

रेवती खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच शर्वीनं ओठ काढले आणि पुन्हा सूर लावला.

रेवतीचे हात आपोआप पुढे झाले. मग मागे आले. तिनं कान दिला.

शेपूट नव्हती.

"खोटं आहे," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. टॉवेलनं तोंड पुसलं. पाणी प्यायली, सगळी बाटली. शर्वीनं पाचेक सेकंद वाट बघितली आणि पुन्हा शटल चघळायला घेतलं.

वस्तादांनी चष्मा लावला. कागदावर, रिकाम्या जागी, सावकाश एकेक अक्षर काढत 'रेवती आरवाडे' लिहिलं. पाचला सात मिनिटं होती. नावाच्या पुढचा रकाना बीप टेस्टच्या पातळीचा होता. त्यांचं पेन तिथं येऊन थांबलं.

"तिथं काय लिहिणार?" रेवतीनं विचारलं.

"जे हाय ते."

त्यांनी लिहिलं, सात पूर्णांक चार. खाली सही केली.

रेवती त्या आकड्याकडे बघत राहिली. जिंकली होती, घाम अजून वाळला नव्हता, तरी मनात तिनं तो अकरा पूर्णांक एकशी ताडून बघितलाच. सवय.

"हे वाचून सेक्रेटरी म्हणतील, या बाईचं तर संपलंय."

वस्तादांनी कागदाची घडी केली. शर्वीला आईच्या मांडीवर दिलं. शेजारचा तंबोरा ओढून भोपळा रेवतीच्या कानाला टेकवला.

खर्जाची तार छेडली.

"सूर संपला की सांग."